बाबांचा डेस्कटॉप, माझा लॅपटॉप: कुठलं लिनक्स आणि अपग्रेड कधी?

अनुस्वार
९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४२

घरात दोन मशिनं आहेत आणि दोन्हींचं घोडं एकाच वेळी अडलंय, म्हणून हा काथ्याकूट.

पहिलं माझा लॅपटॉप. २०१६ चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम. १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची मुदत संपली. ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो रस्ता बंद. वर्षभराची मुदतवाढ घेऊन ठेवलीय, पण पुढच्या ऑक्टोबरात परत तेच रडगाणं. मशीन ठणठणीत आहे, भंगारात द्यायला जीव होत नाही. काम अनुवादाचं: ओमेगाटी, ब्राउझर, लिबर ऑफिस. टायपिंग गमभनच्या पद्धतीने. बोटांत बसलंय, ते आता बदलणार नाही.

दुसरं बाबांचा डेस्कटॉप. २०१२ मध्ये असेंबल केलेला, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, आत एक ग्राफिक्स कार्ड. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाचा आमच्याकडे अडकला होता, त्याने त्यावर उबुंटू लिनक्स २०.०४ टाकून दिलं. पाच वर्षांत एका शब्दाची तक्रार नाही. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, कॅल्कमध्ये मेंटेनन्सचा हिशेब, नोटिसा छापणं, संध्याकाळी यूट्यूबवर नाट्यगीतं. आता त्यावर 'नवीन आवृत्ती उपलब्ध' अशी खिडकी येते आणि बाबा ती इमानेइतबारे बंद करतात. भाचा जर्मनीत. फोनवर म्हणाला, "मावशी, फॉरमॅट मार." त्याला काय जातंय सांगायला!

तर: लॅपटॉपवर काय टाकू? आणि बाबांचं अपग्रेड करू की खरंच फॉरमॅट मारू?

टर्मिनलराव
९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:३०

अनुस्वारताई, आधी एक विनंती. 'कुठलं छान दिसतं' यावर जालावर शेकडो व्हिडिओ आहेत, ते बघू नका. डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा एखादा तयार अवतार) घेणं म्हणजे भाड्याचं घर घेणं. भिंतींचा रंग नंतरही बदलता येतो. करार किती महिन्यांचा आहे आणि सामान कधी हलवावं लागणार, ते आधी विचारायचं.

उबुंटूची एलटीएस (लांब मुदतीची) आवृत्ती सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येते, करार, म्हणजे अपडेट मिळण्याची मुदत, पाच वर्षांचा. मधल्या ज्या आवृत्त्या असतात (२५.०४, २५.१० वगैरे) त्यांचा करार अवघा नऊ महिन्यांचा. आमच्या ऑफिसातल्या एकाने हौसेने २३.०४ टाकलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये त्याची मुदत संपली, साहेबांच्या लक्षात आलं मे महिन्यात. तोवर त्या आवृत्तीची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून जुन्यांच्या अडगळीत गेलेली, अपडेट मारला की लाल अक्षरांची रांग. शेवटी पुसून नवीनच टाकलं.

मिंट हे उबुंटूच्या एलटीएसवरच बेतलेलं. सध्याचं २२.२, नाव झारा, पाया उबुंटू २४.०४ चा, म्हणून २०२९ पर्यंत निवांत. २२ वरून २२.१, २२.१ वरून २२.२ या उड्या अपडेट मॅनेजरच्या मेनूतून पाच-दहा मिनिटांत होतात. मोठी उडी, म्हणजे २१ वरून २२ सारखी, दोन-तीन वर्षांतून एकदा. ती टाळली तरी करार संपेपर्यंत कोणी घराबाहेर काढत नाही.

तुमच्या लॅपटॉपला मिंट, त्यात सिनॅमन हा डेस्कटॉप. ८ जीबीत आरामात चालेल. इन्स्टॉल करायच्या आधी पेन ड्राइव्हवरूनच चालू करून वायफाय, आवाज, ब्राइटनेस आणि झाकण मिटून परत उघडणं, एवढं तपासा. झाकणाचं विसरू नका, जुन्या लॅपटॉपांत घोळ असला तर तिथेच सापडतो.

गमभनची काळजी नको. आयबस (टायपिंगच्या पद्धती पुरवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकलं की मराठीच्या यादीत इनस्क्रिप्ट, फोनेटिकबरोबर गमभनही दिसतं.

बाबांच्या मशीनबद्दल उद्या लिहितो. त्यातलं कार्ड कुठलं ते तेवढं बघून सांगा.

बुलेटवाला
९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:५१

आर्च लिनक्स टाका. आवृत्ती नाही, अपग्रेड नाही, करार नाही, घर स्वतःचं. (दिवे घ्या)

टर्मिनलराव
१० नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:१५

घर स्वतःचं, पण गवंडी रोज घरात. आर्चमध्ये अपग्रेड नसतो असं नाही, तो रोज थोडा थोडा असतो. अर्धवट अपडेट तिथे चालतच नाही, केलं तर सगळंच करायचं. आणि करण्याआधी त्यांच्या पानावरच्या बातम्या वाचायच्या, कारण कधीमधी हाताने काहीतरी करावं लागतं. बाबा नाट्यगीत लावण्याआधी आर्चच्या बातम्या वाचणार का?

(मी स्वतः आर्चच वापरतो. म्हणूनच सांगतोय.)

शुद्धिपत्र
१० नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:०२

अवांतर: मराठीत 'उबंटू' की 'उबुंटू'? एकदा ठरवून टाका.

अनुस्वार
१० नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:२०

शब्द झुलू-खोसा भाषांतला, 'बु' ऱ्हस्व. अनुवादकाशी या विषयावर पंगा घेऊ नये.

कऱ्हाकाठ
१० नोव्हेंबर २०२५, दुपारी १:४४

अपग्रेड करायचाच तर माझी चूक करू नका. गेल्या वर्षी सप्टेंबरात २२.०४ वरून २४.०४ ला निघालो. गणपतीचे दिवस, घरात माळा-बिळा लावलेल्या. सगळं उतरवून झालं, पॅकेजेस उलगडायला लागली, निम्म्यावर आलं आणि लाइट गेली. डेस्कटॉपला यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली. तो फक्त टेबलाखाली पाय ठेवायला.

लाइट आल्यावर मशीन चालू केलं तर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. घरात सामसूम. बायकोच्या क्लासचे सगळे पेपर त्यावर.

वाचलो ते असं. चालू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुनं कर्नल (सिस्टिमचा गाभा) निवडलं, त्यातही रिकव्हरी मोड. तिथे रूट शेल उघडून आधी 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', मग परत पहिलीच कमांड. (इथे देवनागरीत लिहितोय, तिथे रोमनमध्ये टाइप करा, उगाच शोधत बसाल!) दीड तास ओळी सरकत होत्या. अर्धवट राहिलेलं ते स्वतःच हुडकून पूर्ण करतं. शेवटी डेस्कटॉप दिसला तेव्हा आरतीची वेळ झाली होती, टाळ्या मात्र मी वेगळ्याच कारणाने वाजवल्या.

तेव्हा: डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर घ्या. लॅपटॉप चार्जरला लावा. आणि अपग्रेडची खिडकी मधे एक प्रश्न विचारते ना, 'अमुक फाइल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की नवीन घेऊ', तिथे बरेच जण घाबरून खिडकीच बंद करतात. बंद करू नका. आपण ती फाइल बदलल्याचं आठवत नसेल तर नवीन घ्या, आठवत असेल तर आपली ठेवा. उत्तर मिळेपर्यंत ते थांबून राहतं, त्यामुळे अपग्रेड लावून बाजारात गेलात तर परत येईपर्यंत त्याच प्रश्नावर अडकलेलं सापडेल.

लॅबवाले काका
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ८:१०

मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, आता अर्धवेळ जातो. चाळीस मशिनं, सगळी डेबियन लिनक्सवर. दर दोन वर्षांनी नवीन आवृत्ती, ती पण तयार झाल्याशिवाय निघत नाही. १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्टला आली. आम्ही तिला हात लावला तो दिवाळीच्या सुट्टीत. नव्या आवृत्तीला पहिले दोन महिने लांबून नमस्कार, हा आमचा नियम.

आधी एकाच मशीनवर करायचं, कोपऱ्यातल्या, आणि आठवडाभर कोणालातरी त्यावर बसवायचं. यंदा त्या एकावरच कळलं की १३ मध्ये टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा, फोल्डर डिस्कवरून रॅममध्ये गेलाय. आमची पोरं व्हिडिओच्या मोठाल्या फाइली तिथेच टाकतात. ४ जीबीचं मशीन धापा टाकायला लागलं. 'सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट' करून मशीन परत चालू केलं की तो डिस्कवर येतो, रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय. वाचतं कोण? मी पण नंतरच वाचलं. चाळीसवर एकदम केलं असतं तर सुट्टी संपताच माझी आरती झाली असती.

सहा मशिनं ३२ बिटवाली आहेत. १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही, म्हणून ती १२ वर ठेवली.

घरच्या माणसाला डेबियन देऊ का? १२ पासून वायफायचं वगैरे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे पूर्वीसारखं रडू येत नाही. तरी ताई, तुम्हाला मिंटच बरं. आमचं बरं चाललंय कारण पुढच्या टेबलावर मी बसलेलो असतो.

सूचिपर्णी
११ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:०५

मी जरा असहमत. सगळे 'लांबचा करार, लांबचा करार' करताय, पण पाच वर्षांनी एकदा घर हलवलं की काय होतं ते बाबांच्या मशीनवर दिसतंयच: सवय गेलेली, ज्याने बसवलं तो जर्मनीत, आणि दोन उड्या एकदम डोक्यावर.

मी फेडोरावर आहे, सात वर्षं. दर सहा महिन्यांनी नवीन येतं, प्रत्येकाचा करार साधारण तेरा महिने. मी एक सोडून एक घेते, यंदा ४१ वरून थेट ४३. म्हणजे वर्षातून एक रविवार. डीएनएफने (फेडोराचं पॅकेजेस उतरवणारं साधन) रात्री सगळं उतरवून ठेवायचं, सकाळी रीबूट करायचं, चहा होईपर्यंत बार पुढे सरकत असतो. चालू मशीनखालून गालिचा ओढत नाही ते, आधी सगळं बंद करतं आणि मग पॅकेजेस बदलतं, हे मला फार आवडतं. नवीन आवृत्तीनंतर तीनेक आठवडे थांबते, व्हिडिओचे कोडेक ज्या आरपीएम फ्युजनमधून येतात त्यांची गाडी मार्गाला लागेपर्यंत.

वर्षातून एकदा केलं की हात बसतो. पाच वर्षांनी केलं की दरवेळी पहिल्यांदाच असतं.

टर्मिनलराव
११ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

मुद्दा बिनतोड आहे. फक्त तो तुमच्यासाठी बिनतोड आहे. वर्षातून एक रविवार काढणारी मुलगी घरात असेल तर फेडोरा. अनुस्वारताईंचे रविवार कोणाचे आहेत ते त्यांनी सांगावं.

अनुस्वार
१२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:३३

माझे रविवार प्रकाशकांचे आहेत. मिंट.

बाबांच्या मशीनमधलं कार्ड पाहिलं: एनव्हिडियाचं, जीफोर्स २१०. 'अतिरिक्त ड्रायव्हर' या खिडकीत ३४० असा आकडा आणि त्यापुढे टिंब. प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा आय-थ्री.

आणखी एक. तपासायला म्हणून अपग्रेडचं बटण दाबून पाहिलं (हो, माहितीय), तर ते थेट २४.०४ देत नाही, २२.०४ च देतंय. रद्द करून बाहेर आले.

टर्मिनलराव
१२ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१८

बटण रद्द केलंत ते फार उत्तम.

२०.०४ वरून २४.०४ ला थेट जाता येत नाही, मधे २२.०४ च्या स्टेशनवर उतरावंच लागतं. आणि बाबांच्या गाडीला त्याच स्टेशनवर तीन अडथळे आहेत.

कार्ड. २१० ला चालणारं एनव्हिडियाचं शेवटचं ड्रायव्हर ३४० मालिकेचं. ते २०.०४ मध्ये आहे, २२.०४ मध्ये नाही. अपग्रेड झाला की मशीन नोव्हो या खुल्या ड्रायव्हरवर येणार. कधी बरं चालतं, कधी पडदा फाटल्यासारखा दिसतो. पण तुमच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं ग्राफिक्स आहेच. नाट्यगीताला ते पुरतं. मशीन बंद करा, पिन काढा, कार्ड उपसून ठेवा आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डवरच्या व्हीजीएत लावा. एका स्क्रूचं काम. त्याआधी ३४० काढून टाका.

दुसरा, फायरफॉक्स. २२.०४ पासून तो स्नॅप या उबुंटूच्या वेगळ्या पॅकेज-पद्धतीतून येतो. एसएसडीवर फरक जाणवत नाही, पण जुन्या फिरत्या डिस्कवर सकाळी पहिल्यांदा उघडताना बाबा दोनदा-तीनदा क्लिक करणार आणि नंतर तीन खिडक्या एकदम उघडणार. मिंटमध्ये तो नेहमीच्या पॅकेजमधून येतो.

तिसरा अडथळा भाचा. त्याने पाच वर्षांपूर्वी कुठून कुठून पीपीए (बाहेरच्यांनी चालवलेली पॅकेजची कोठारं) जोडले असतील ते त्यालाही आठवणार नाही. अपग्रेड ते बंद करतो, पण त्यातून आलेली पॅकेजेस तशीच लटकत राहतात.

म्हणून इथे मी जर्मनीच्या बाजूने: नवीनच टाका, मिंट, त्यात एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, आणि जमलं तर डिस्क बदलून एसएसडी. घाई मात्र नको. २०.०४ चा नेहमीचा करार मे महिन्यात संपला, पण उबुंटू प्रो घरगुती वापराला पाच मशिनांपर्यंत फुकट असतं आणि त्यावर सुरक्षा अपडेट २०३० पर्यंत मिळतात. खातं काढायचं, टोकन घ्यायचं, 'प्रो अटॅच' करायचं. आज रात्री तेवढं करून ठेवा. बाकीचं सवडीने.

बुलेटवाला
१२ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:२५

मग २०३० पर्यंत तसंच चालू दे की! कशाला खाज?

लॅबवाले काका
१३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६:५०

बुलेटवाले, हा प्रश्न चेष्टेचा नाही. चालेलच. पण २०१२ ची हार्ड डिस्क २०३० पर्यंत चालेल का? सॉफ्टवेअरच्या कराराची चर्चा चालू आहे आणि खाली जमीन भुसभुशीत आहे. ताई, आधी बॅकअप. आणि 'टाइमशिफ्ट लावलंय, बॅकअप आहे' असं समजू नका. ते सिस्टिमचं छायाचित्र घेतं, होम फोल्डर मुद्दाम सोडून देतं. सोसायटीचा हिशेब त्यात नसतो. होम वेगळ्या डिस्कवर हाताने घ्या आणि दोन-चार फाइली उघडून बघा.

होम तसंच्या तसं नव्यात ओतू नका. दस्तऐवज, छायाचित्रं, फाँट आणि लपवलेला मोझिला फोल्डर, बस. जुन्या डेस्कटॉपच्या बाकीच्या लपवलेल्या सेटिंगा नव्यात आणल्या की पॅनेल गायब होण्यासारखी भुतं लागतात.

विटेकरी
१३ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३:१२

वाचतोय. वाचनखूण साठवली. टॅली वापरणाऱ्याने काय करावं?

टर्मिनलराव
१३ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३:४०

टॅली प्राइम विंडोजचं आहे. त्यासाठी एक विंडोज मशीन ठेवावं, जुगाड करून रिटर्नच्या शेवटच्या दिवशी रडू नये. वेगळा धागा काढा.

अनुस्वार
३० नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१०

दोन्ही झालं. वृत्तांत द्यायचं राहिलं होतं.

लॅपटॉप: मिंट २२.२ सिनॅमन. पेन ड्राइव्हवरूनच सगळं तपासलं, झाकणासकट. एका ग्राहकाचं अनुवादाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्याच्यासाठी जुनं विंडोज अर्ध्या डिस्कवर ठेवलंय. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करेपर्यंत मिंटला ते पार्टिशन नुसतं वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. एक संध्याकाळ त्यात गेली. गमभन मिळालं. ओमेगाटी उघडलं, पहिल्याच ओळीला हात सुटला.

बाबांचं: त्याच रात्री प्रो लावलं, मग दहा दिवस कोणीच काही केलं नाही. गेल्या रविवारी कार्ड उपसलं. कार्डाच्या पंख्यावर एवढी धूळ होती की बाबा म्हणाले, "हा आवाज याचा होता होय!" पाच वर्षं आम्ही तो हार्ड डिस्कचा समजत होतो. एसएसडी बसवली, एक्सएफसीई टाकलं, काकांच्या यादीप्रमाणे फक्त चार गोष्टी परत आणल्या. मोझिला फोल्डर जागेवर टाकताच फायरफॉक्स सगळ्या टॅबांसकट उघडला. जुनी डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवलीय.

प्रिंटर रुसला. यादीत दिसायचा, कागद मात्र हलायचा नाही. त्याला ड्रायव्हरखेरीज कंपनीचं एक प्लगिन लागतं आणि ते ड्रायव्हरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावं लागतं. नवीन सिस्टिममध्ये ड्रायव्हर नवा, प्लगिन नाहीच. ते उतरवल्यावर खरखरून जागा झाला. पुढच्या मोठ्या उडीनंतर हे परत करावं लागणार, म्हणून कागदावर लिहून प्रिंटरच्या पोटाला चिकटवलंय.

मग बाबांनी नवीन नोटीस टाइप केली, शनिवारी टाकी धुणार त्याची. छापली, चष्मा कपाळावर ढकलून कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "हा ल आपला नाही." खरंच नव्हता. जुन्या फाइलींत मराठी ल, नव्या नोटिशीत हिंदी. फाँट तोच. अर्ध्या तासाने सापडलं: नव्या लिबर ऑफिसमध्ये भारतीय लिपीची भाषा आपोआप हिंदी धरलेली होती, आणि फाँट भाषा बघून ल आणि श चा आकार बदलतो. जुन्या फाइलींत मराठी अशी नोंद आतच होती. पर्यायांत जाऊन भाषा मराठी केली, मजकूर निवडून त्यालाही मराठी केलं, ल सरळ झाला. भाच्याने २०२० मध्ये हे न सांगता करून ठेवलं होतं. त्याला फोन करून सांगितलं तर त्याला आठवतही नव्हतं.

सूचिपर्णी
३० नोव्हेंबर २०२५, रात्री ११:२८

तो ल बाबांनी पाहिला म्हणून. आमच्याकडे वर्षभर तसाच छापला गेला असता.

बुलेटवाला
३० नोव्हेंबर २०२५, रात्री ११:३१

कार्ड विकायचंय का?